मार्नी धावत आली

ग्लेनिस पोलनर त्या शुक्रवारी सकाळी माझ्या काउंटरपाशी आली तेव्हा बाहेर बसचं इंजिन चालूच होतं. एकोणीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. पोरं उतरवायची, शेवटच्या बाकापर्यंत जाऊन कुणी झोपून राहिलंय का ते बघायचं, इंजिन बंद करायचं, मग माझ्याकडे हजेरीचा कागद द्यायचा आणि बरणीतलं एक बिस्किट उचलायचं, असा तिचा क्रम. त्या दिवशी तिने हजेरीचा कागद दिलाच नाही. दुसराच दिला.

"वाच," ती म्हणाली.

पत्र शिक्षण खात्याच्या विभागीय कचेरीचं होतं. थांबा क्रमांक नऊ, ट्रेवॅस्किस फाटक, या संपूर्ण सत्रात वापरला गेलेला नाही. सबब येत्या सोमवारपासून तो मार्गातून वगळण्यात येत आहे.

"वापरला गेलेला नाही म्हणे. पोर आजारी आहे, रो. मेलेली नाही."

पत्र माझ्याकडून गेलेलं नाही, असं मी तिला सांगितलं. ते खरं होतं. तिने बिस्किटाकडे बघितलंही नाही.

कुरनूकच्या शाळेचं ऑफिस मी एकोणीस वर्षं सांभाळते आहे. चौसष्ट मुलं, पाच शिक्षक, एक हेडमास्तर आणि मी. फोन, फॉर्म, सोलवटलेले गुडघे, हरवलेल्या टोप्या, सगळं माझ्याच काउंटरवर येतं. ग्लेनिसचं आयुष्य याहूनही साधं. लग्न झालं, दोन मुलगे झाले, ते शहरात गेले, नवरा एका वर्षी गव्हाच्या कापणीच्या ऐन धांदलीत छाती धरून बसला तो उठला नाही, आणि ती बस चालवत राहिली. सकाळी एकोणपन्नास किलोमीटर, दुपारी एकोणपन्नास. गव्हाची शेतं, धान्य साठवायचे उंच सायलो, मिठाचं कोरडं तळं, पुन्हा गव्हाची शेतं. बावीस मुलांपैकी कोण पायरी चढतंय, हे तिला आरशात न बघता कळायचं.

मार्नी ट्रेवॅस्किस पायऱ्या चढायचीच नाही. ती उडी मारायची. त्यांचं घर फाटकापासून चारशे मीटर आत. लांबून बसचा धुरळा दिसला की ही घरातून सुटायची. फाटकाशी आधी कोण पोचतं, ती की ग्लेनिस, असा दोघींचा खेळ होता. अकरा वर्षांची पोर, पण तालुक्याच्या आठशे मीटर शर्यतीत तिने बारा वर्षांच्या मुलांना मागे टाकलं होतं.

जूनमध्ये आख्खी बस आजारी पडली. एका सोमवारी बावीसपैकी सहा मुलं आली. ग्लेनिसच्या, माझ्या, सगळ्यांच्या कोविड-तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा. मुलांना काही होत नाही, असं तेव्हा टीव्हीवाले सांगत होते, डॉक्टर सांगत होते आणि ऑफिसच्या फोनवरून मीही सांगत होते. सर्दीसारखं आहे, आठवडाभर घरी ठेवा. आठवड्याने मुलं परत आली. मार्नीही आली.

तिसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे येऊन म्हणाली की पाय दुखतात, जरा पडते. दुसऱ्या दिवशी डोकं. त्यानंतर वाचताना अक्षरं हलतात. मला वाटलं, गणिताची परीक्षा आहे. मी तिला पाण्याचा ग्लास दिला आणि वर्गात परत पाठवलं. असं मी एकदा नाही, पाच-सहा वेळा केलं. एकदा ती प्रार्थनेच्या रांगेत नुसती उभी असताना पांढरीफटक पडली. तिची आई टीगन वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची, ती तिथून धावत आली. तिने तिथल्या नर्सकडून बोटाला लावायचा चिमटा आणला होता. बसलेली असताना मार्नीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ऐंशी पडत होते, आणि उभी केली की एकशे बेचाळीस. टीगनने तो आकडा मला दाखवला. मी म्हटलं, यंत्रं काहीही दाखवतात.

ऑगस्टच्या मध्यानंतर मार्नी शाळेत आलीच नाही. रक्त तपासलं, स्वच्छ. फोटो काढले, स्वच्छ. दोन तासांवरच्या डॉक्टरने लिहून दिलं की थकवा आहे, ताणही असू शकेल. मेलबर्नला अशा मुलांसाठी एक जागा आहे असं कळलं. तिथे नाव लावलं तर चौदा महिन्यांनी बोलावू म्हणाले. टीगनने आधी सकाळची पाळी सोडली, मग सगळ्याच. नवरा पश्चिमेकडे खाणीवर; तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. गावाला मात्र उत्तर लगेच सापडलं. बेकरीत, पोस्टात, क्लबात एकच बोलणं: आईच डोक्यात भरवते. एकुलतीचे लाड. माझं पोर आठवड्यात उड्या मारायला लागलं, मग तिचंच काय वेगळं?

ग्लेनिसने एकदा बेकरीत हे ऐकलं. पावाची पिशवी काउंटरवर तशीच टाकून ती बोलणाऱ्या बाईला म्हणाली, "तुझा नवरा चार वर्षं पाठदुखीने पेन्शन खातोय. त्याचा फोटो स्वच्छ आला होता का गं?" आणि बाहेर पडली. पुढे दोन महिने ती पाव सुपरमार्केटातून घेत होती.

थांब्याचं पत्र आलं त्याच आठवड्यात टीगनलाही एक पत्र गेलं. ते मात्र माझ्याकडून. गैरहजेरीबाबत बैठक, मंगळवारी दहा वाजता, शाळेच्या वाचनालयात. पालकांना सोबत एक व्यक्ती आणता येईल. नवरा खाणीवर असल्यामुळे टीगनने ग्लेनिसला विचारलं. बैठकीला ग्लेनिसने निळा कोट घातला होता. तो तिने नवऱ्याच्या अंत्यविधीला घातलेला मी पाहिला होता.

कचेरीतून फिलिपा नावाची बाई आली होती. पस्तिशीची, आवाज मऊ, बोलताना मान एका बाजूला कलती. तिच्याशेजारी आमचे हेडमास्तर ब्रेंडन. माणूस वाईट नाही, पण समोर वरची कचेरी असली की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. टिपण घ्यायला टेबलाच्या टोकाला मी.

फिलिपाने सुरुवात केली की इथे कुणालाही दोष द्यायचा नाही. मग तिने एक तक्ता पुढे सरकवला. पहिल्या आठवड्यात रोज दोन तास, दुसऱ्यात तीन, सहाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण दिवस. ठरलेले तास भरायचेच, मुलगी नको म्हणाली तरी. असं नको म्हणता म्हणता मुलांना शाळा टाळायची सवय लागते, आणि घरातली काळजी मुलं उचलतात, असं तिचं म्हणणं.

टीगनने शांतपणे समजावून सांगितलं. तिच्याकडे एक वही होती. मार्नीने काय केलं आणि त्यानंतर काय झालं, सगळं रोज लिहिलेलं. अंघोळ केली, केस धुतले: दुसऱ्या दिवशी ठीक, तिसऱ्या दिवशी बिछान्यातून उठता आलं नाही. चुलतबहीण येऊन तासभर बोलली: तीन दिवस अंधार करून पडून. जोर लावला की ती त्याच दिवशी पडत नाही, दोन दिवसांनी पडते, म्हणून बघणाऱ्याला खोटं वाटतं, असं ती म्हणाली. फिलिपाने मान हलवली. वही हातात घेतली नाही.

"समजतं मला," फिलिपा म्हणाली. "पण आमच्याकडे शाळेची नोंदही आहे. बघा, सतरा ऑगस्ट. बसचालकाच्या सांगण्यानुसार मार्नी काल घरापासून फाटकापर्यंत धावत आली, हसत बसमध्ये चढली. म्हणजे क्षमता आहे. तिला फक्त ती वापरायला शिकवायचं आहे."

माझे हात थांबले. ते वाक्य मी टाइप केलं होतं. त्या दिवशी ग्लेनिस बिस्किट खात मला म्हणाली होती, अगं, काल मार्नी धावत आली, हसत चढली, सुटलं वाटतं एकदाचं. ब्रेंडन मागून जात होता. तो म्हणाला, चांगली बातमी आहे, फाइलला लावून ठेव. मी लावून ठेवली. आनंदाने लावली.

ग्लेनिसने विचारलं की तो कागद बघू का. चष्मा काढला, पुसला, घातला आणि वाचला.

"हे मी बोलले होते," ती म्हणाली. "आता पुढचं ऐका. तिने धावू नये म्हणून मी ऑगस्ट लागल्यापासून फाटकाशी थांबत होते, पाच-पाच मिनिटं. त्या दिवशी मला उशीर झाला होता. रस्त्यात मेंढ्या आडव्या आल्या होत्या. ती लांबून चालत येत होती, म्हातारीसारखी. मी हॉर्न दिला. लांबच लांब दिला. खिडकीतून ओरडले, चल गं, तू येईतो गहू कापायला येईल. गंमत म्हणून. आणि ती धावली. मला बरं वाटावं म्हणून धावली ती. हसत चढली हे खरं आहे. तोंड राखेसारखं झालं होतं, तेही खरं आहे. ते मी कुणाला बोलले नाही, कारण मला ते बघायचं नव्हतं."

टीगन तिच्याकडे बघत होती.

"अठरा तारखेला ती पडली," ग्लेनिस म्हणाली. "ते तुझ्या वहीत असेल. त्यानंतर किती दिवस गं, टीगन?"

"पाच आठवडे." टीगनचा आवाज अगदी सपाट होता. "जेवण भरवत होते मी तिला. चमच्याने."

फिलिपाने मऊ आवाजात सांगितलं की कुणीही स्वतःला अपराधी समजायचं कारण नाही.

"माझ्या अपराधाचं मी बघते," ग्लेनिस म्हणाली. "तुम्ही तुमच्या कागदाचं बघा. ते वाक्य खोडा."

नोंद खोडता येत नाही, असं फिलिपा म्हणाली. तसा नियमच आहे. फार तर पुरवणी जोडता येईल. पुढच्या आढाव्यात तिचा विचार होईल.

"मग जोडा. लिही, रो."

मी ब्रेंडनकडे बघितलं. तो टेबलाकडे बघत होता. मग मी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं आणि लिहिलं. ग्लेनिस बोलत गेली आणि मी एक शब्द न बदलता टाइप केलं. शेवटी मी माझ्यातर्फेही चार ओळी टाकल्या: मुलगी पाच-सहा वेळा माझ्याकडे आली होती, मी तिला पाणी देऊन वर्गात पाठवलं, आणि त्यातल्या एकाही वेळेची नोंद मी ठेवली नाही. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. एकोणीस वर्षांत त्या वाचनालयात माझा आवाज इतका चढा कधी झाला नव्हता. मला राग आला होता, आणि तो फक्त फिलिपावर आला असता तर किती सोपं झालं असतं.

तक्त्यावर सहीची वेळ आली तेव्हा ब्रेंडन म्हणाला की तो आज सही करणार नाही. एवढंच म्हणाला. त्याच्यासाठी ते खूप होतं. फिलिपाने बॅग भरली.

बाहेर गाड्या लावतो तिथे टीगन उन्हात उभी होती. आम्ही दोघी तिच्याजवळ गेलो.

"तू हॉर्न दिलास," ती ग्लेनिसला म्हणाली.

"हो."

"मी त्या पाच आठवड्यांत रोज स्वतःला विचारत होते, माझं काय चुकलं. काय खायला दिलं, कुठे नेलं, कधी उठवलं. वहीची पानंच्या पानं उलटली. तुला माहीत होतं."

ग्लेनिसने हो म्हटलं.

"आणि तू दर रविवारी अंड्यांचं खोकं घेऊन यायचीस. माझ्या टेबलाशी बसून चहा प्यायचीस." टीगन माझ्याकडे वळली. "आणि तू तिला पाणी द्यायचीस. त्या वरच्या बाईला मी समजू शकते. तिने माझं पोर पाहिलेलंच नाही. तुम्ही दोघींनी पाहिलं होतं."

ती गाडीत बसली. दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

गैरहजेरीची कारवाई तूर्त स्थगित, असं पत्र तीन आठवड्यांनी आलं. 'तूर्त' हा त्यांचाच शब्द. थांबा मात्र गेला. ग्लेनिसने तरी पहिले चार दिवस बस त्याच रस्त्याने नेली, फाटकाशी मिनिटभर उभी केली आणि पुढे गेली. पाचव्या दिवशी बसमालक रसेलने तिला बोलावलं. बस कुठे फिरते ते कचेरीला पडद्यावर दिसतं. पुन्हा झालं तर दुसरा चालक पाठवतील, असं त्याने सांगितलं. बाकीची एकवीस मुलं कुणा परक्या माणसाच्या हातात द्यायला ती तयार नव्हती. तिने रस्ता बदलला.

मग तिने कचेरीला पत्रं लिहायला घेतली. दर सोमवारी एक. ती सांगायची, मी टाइप करायची, शाळेच्याच कागदावर, शाळेच्याच पाकिटातून. ब्रेंडनला माहीत होतं. मुलगी बरी होऊन एखाद्या सकाळी फाटकाशी आली तर तिने काय करायचं, एवढाच प्रश्न प्रत्येक पत्रात वेगळ्या शब्दांत. सातव्या पत्रात ग्लेनिसने एक शिवी घातली. मी ती तशीच ठेवली. अकरा पत्रांना मिळून एक छापील उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.

अंडी ती अजूनही पाठवायची. रविवारी फाटकाच्या पत्रपेटीवर खोकं ठेवायची आणि वळायची. पुढच्या रविवारी रिकामं खोकं तिथे असायचं, त्यात चिठ्ठी वगैरे काही नाही. नाताळ गेला, जानेवारी गेला. मार्नी बारा वर्षांची झाली. मला ते कळलं, कारण त्या दिवशी हजेरीच्या यंत्रातून तिच्या नावाने शुभेच्छांचा संदेश आपोआप सुटला. यंत्राला तारखेचं बरोबर कळतं. मी कचेरीला फोन लावून किंचाळले. पलीकडे कुणी कोवळी मुलगी होती, तिचा काही दोष नव्हता.

फेब्रुवारीत टीगनचा ग्लेनिसला निरोप आला. मार्नी विचारते आहे. रविवारी चार वाजता. दहा मिनिटं. अत्तर, पावडर काही नको. आणि ऑगस्टचा विषय काढायचा नाही. ती रडली तर तिला चार दिवस झेपत नाही. माफी मागायची असेल तर ती मला माग, तिला नको.

पुढचं ग्लेनिसने मला सोमवारी बस धुताना सांगितलं. माझ्याकडे न बघता, फडकं चालवत.

बेचाळीस डिग्रीचं ऊन होतं. मागच्या खोलीच्या खिडकीला घोंगडी ठोकलेली. मार्नी उंच झाली होती, पण पडूनच उंच झाल्यासारखी. पायजम्यातून घोटे बाहेर आलेले. डोळ्यांवर गॉगल. ग्लेनिस जमिनीवर बसली. मार्नीला काही शब्द आठवत नव्हते, तेव्हा ती मध्येच थांबायची, आणि तो शब्द आपण सुचवायचा नाही, असं टीगनने आधीच बजावलं होतं. पुढच्या बाकावर आता कोण बसतं, बसमधल्या हान जुळ्या पोरांची अजून मारामारी होते का, असं तिने विचारलं. ग्लेनिसने सगळं सांगितलं, हळू आवाजात. एकदा मार्नी हसली. नववं मिनिट झालं तेव्हा टीगन दाराशी येऊन उभी राहिली.

ग्लेनिस उठली. मार्नी म्हणाली, "मी तुला दारापर्यंत पोचवते."

टीगनने नको म्हटलं. दोन दिवस जातील गं, म्हणाली.

"माहीत आहे मला," मार्नी म्हणाली. "माझेच आहेत ना ते दोन दिवस."

टीगन बाजूला झाली.

बिछान्यापासून बाहेरच्या जाळीच्या दारापर्यंत अकरा-बारा पावलं असतील. मार्नी भिंतीला हात लावून निघाली. मध्ये एक खुर्ची होती, तिच्यावर बसली, डोकं गुडघ्यांत घातलं, मग पुन्हा उठली. ग्लेनिस दार उघडं धरून उभी होती. माश्या आत येत होत्या, ऊन आत येत होतं. ये गं, नको गं, जप गं, असलं काहीच ती बोलली नाही. मार्नी दाराशी आली, चौकट धरली. श्वास जमायला वेळ लागला. मग पाठ सरळ करून, घरच्या मोठ्या माणसाने पाहुण्याला म्हणावं तसं ती म्हणाली,

"बरं वाटलं आलीस ते. पुन्हा ये."